पावसाचा टायर आधी, मायलेजचा नंतर: गोव्यात हायब्रिड गाडीचे टायर बदलताना

‘ऑल सीझन टायर दाखवा’ असं म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात म्हटलं, तर दुकानदार सगळ्या रॅककडे हात करतो: यातला कुठलाही घ्या. तो चुकत नाही. थंड देशांत उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही असे टायरचे वेगळे वर्ग असतात. आपल्याकडे गाडीबरोबर येणारा टायर बाराही महिने चालवायचाच असतो, त्यामुळे इथे तो शब्द काहीच सांगत नाही. टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ असा छाप दिसला तर तो चिखल आणि बर्फासाठीचा कंपनीचा स्वतःचा दावा समजा. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावर तपासलेला असतो, पण त्याचं रबर थंडीत मऊ राहण्यासाठी बनवलेलं असतं. मे महिन्यात पर्वरीच्या तापलेल्या डांबरावर ते भराभर झिजेल. कुणी ‘इम्पोर्टेड आहे, स्वस्तात देतो’ म्हणून असा टायर पुढे केला तर नको म्हणा.

गोव्याच्या टायरला दोनच ऋतू सोसायचे असतात. एक, जून ते सप्टेंबर, जेव्हा वर्षभरातला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस बहुतेक सगळा पडून जातो. दुसरा, उरलेले आठ महिने ऊन, खारी हवा आणि लाल धूळ. हायब्रिड गाडीचा मालक मात्र दुकानात पहिला प्रश्न मायलेजचा विचारतो. क्रम तिथेच चुकतो.

टायर खरंच संपलेत का

गाड्यांसाठी कायद्याने खाचांची किमान खोली १.६ मिमी ठरवली आहे. खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्या पट्टीच्या पातळीला आलं की टायर कायद्यानेही संपला. नव्या टायरला साधारण ७ ते ८ मिमी खोली असते. गोव्यात १.६ ची वाट बघू नये. मेअखेरीस ३ मिमीपेक्षा कमी उरलं असेल तर बदला, कारण पाणी बाहेर फेकण्याचं काम त्या शेवटच्या दीड-दोन मिलीमीटरमध्ये फार वेगाने बिघडतं. कोरड्या रस्त्यावर हाच टायर ठणठणीत वाटतो, म्हणून माणूस फसतो. दिवाळीनंतर मात्र ३ मिमी असलेला टायर मेपर्यंत वापरायला हरकत नाही.

खोली मोजायचा गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. प्रत्येक टायरवर आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजा, आणि चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा. आतली कड बघायला स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं. उभ्या उभ्या नुसती बाहेरची कड बघून ‘अजून आहे की’ म्हणणाऱ्यांचेच टायर आतून तारा दिसेपर्यंत घासलेले निघतात.

आकड्यांवरून आजार कळतो. मधला भाग जास्त झिजला तर हवा जास्त भरली जातेय. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. फक्त आतली कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे, किंवा सस्पेन्शनचा बुश सैल आहे. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं लागत असेल, तर टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बिघडलाय. हे दुरुस्त न करता नवे टायर घातले तर नव्यांचंही तेच होईल. दुकानात जाण्यापूर्वी हे आकडे कागदावर लिहून न्या, अलाइनमेंटवाल्याला त्याचा उपयोग होतो.

झीज नसली तरी वय बघा. पणजी-पर्वरी अशी दिवसाला दहा-बारा किलोमीटर फिरणारी गाडी सहा वर्षांतही खाचा संपवत नाही. टायर उन्हात आणि समुद्राच्या हवेत म्हातारा होतो. खाचांच्या तळाशी किंवा बाजूला केसासारख्या भेगा दिसू लागल्या की रबर कडक झालं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावं, आणि गोव्यातल्या हवेत सहा वर्षांपुढे ताणू नये, असं आमचं मत. बाजूला फुगा आलेला टायर मात्र त्याच दिवशी उतरवा. आतल्या दोऱ्या तुटल्याशिवाय फुगा येत नाही, आणि तो दुरुस्त होत नाही.

हायब्रिडमुळे काय बदलतं

थोडंच बदलतं, पण ते महत्त्वाचं आहे. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस, इन्व्हिक्टो, होंडा सिटी ई:एचईव्ही या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत मोटर पुढची चाकं फिरवते, आणि ब्रेकच्या वेळी तीच मोटर पुढच्याच चाकांवरून वीज परत मिळवते. गाडी ओढणं, वळणं, रीजनचा (वीज परत मिळवणारा) ब्रेक आणि इंजिन-मोटरचं वजन, सगळं पुढच्या जोडीच्या अंगावर. म्हणून रोटेशन, म्हणजे टायरांची पुढे-मागे अदलाबदल, चुकवलं की पुढचे टायर मागच्यांच्या कितीतरी आधी संपतात.

दुसरी गोष्ट टॉर्कची. सिटी हायब्रिडची मोटर २५३ न्यूटन-मीटर देते. साध्या पेट्रोल सिटीचं इंजिन १४५ देतं, तेही ४३०० आरपीएमला. गिअरची रचना वेगळी असल्याने ही सरळ तुलना नव्हे, पण मोटरचा जोर चाक हलायच्या आधीपासून हजर असतो. चोडणच्या फेरीबोटीच्या ओल्या, लोखंडी रॅम्पवरून वर येताना घाईने पाय दाबला की झिजलेलं पुढचं चाक जागेवर फिरतं, ते याचमुळे.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना बिघाड वाटते. ओल्या, खडबडीत जागी हळूहळू ब्रेक दाबत असताना क्षणभर गाडी सुटल्यासारखी होते. पुढचं चाक किंचित घसरलं की गाडीची यंत्रणा रीजन काढून घेते आणि काम नेहमीच्या ब्रेकवर सोपवते. त्या हस्तांतराचा हा झटका आहे. नव्या गाडीतही तो कधीतरी जाणवतो. रोजच जाणवू लागला तर ब्रेकच्या आधी टायरची पकड तपासा.

बॅटरीच्या वजनाचा बाऊ करायची गरज नाही. या गाड्यांतली बॅटरी लहान असते, हायरायडरची तर ०.७६ किलोवॉट-तास. त्यामुळे दुकानात ‘हायब्रिड आहे म्हणजे इलेक्ट्रिक गाडीचाच टायर लागेल’ असं सांगितलं तर ते खरं नाही. तसा टायर तुमच्या मापात, तुमच्या भार-निर्देशांकात (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि चांगल्या ओल्या पकडीसह मिळत असेल तर घ्या, नसेल तर साधा चांगला टायर पुरेसा आहे.

बाजूवरचे आकडे

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते. माप आणि हवेचा दाब तिथून घ्या, जुन्या टायरवरून नको. गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने माप बदललेलं असू शकतं.

समजा पट्टीवर २१५/६० आर १७ ९६ एच असं आहे, जे ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरला लागतं. २१५ म्हणजे मिलीमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. १७ म्हणजे इंचांत रिम. ९६ हा भार-निर्देशांक: एका टायरला ७१० किलो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. सिटी हायब्रिडचं माप १८५/५५ आर १६ ८३ व्ही, तिथे ८३ म्हणजे ४८७ किलो आणि व्ही म्हणजे २४० किमी.

तुम्ही ताशी २१० किमीने जाणार नाही हे खरं, पण वेगाचं अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगतं. अक्षर आणि भाराचा आकडा पट्टीवर आहे तेवढा किंवा त्याहून वरचा घ्यावा, खालचा कधीच नाही. ९६ च्या जागी ९१ घातला तर एका टायरमागे ७१० ऐवजी ६१५ किलो उरतात. चार टायरची बेरीज करून ‘तरी पुरतंय’ असा हिशेब मांडू नका, कारण भार चारही चाकांवर सारखा नसतोच. चवथीला सात माणसं, माटोळीचं सामान आणि डिकीत नारळाची पोती घेऊन काणकोणला निघालेली हायक्रॉस करमळ घाटात वळते, तेव्हा एकाच बाहेरच्या चाकावर काय येत असेल याचा विचार करा.

रुंद टायर घालायचा मोह इथे आवरा. २१५ च्या जागी २२५/६० घातला तर व्यास ६९० वरून ७०२ मिमी होतो, म्हणजे पावणेदोन टक्के वाढ. टायर जड होतो, मायलेज घसरतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. अरुंद टायर पाणी कापत जातो. मोठी रिम आणि पातळ बाजू हाही तसाच शौक. हायक्रॉसच्या झेडएक्स या प्रकाराला २२५/५० आर १८ येतो, बाजूची उंची ११२ मिमी. तिचीच बहीण असलेल्या इन्व्हिक्टोला २१५/६० आर १७, उंची १२९ मिमी. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात ते सतरा मिलीमीटर रिम वाचवतात. कंपनीनेच १८ इंच दिले असतील तर तेच ठेवा, पण हौसेने १७ चे १८ करू नका.

ओल्या पकडीला पहिला मान

पाण्यावर टायर का तरंगतो हे एकदा समजलं की निवड सोपी होते. टायरपुढे साचणारं पाणी खाचांतून बाजूला निघालं नाही, तर त्याचा दाब टायरलाच वर उचलतो. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर अभ्यास करून काढलेलं सूत्र सांगतं की खाचांना न झेपणारं पाणी असेल तर हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३३ पीएसआयला तो येतो ताशी सुमारे ९६ किमी, आणि २४ पीएसआयला ८२. विमानावरून काढलेलं सूत्र गाडीला तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा खरी आहे: पावसाळ्यात ‘जरा हवा कमी ठेवली तर पकड वाढते’ हा समज उलटा आहे.

राष्ट्रीय महामार्ग ६६ बऱ्याच भागात चौपदरी झाला तेव्हापासून वेग वाढले, आणि पुलांच्या उतारांवर, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी पाणी साचायचं काही थांबलं नाही. म्हणून टायर निवडताना परिघाला समांतर जाणाऱ्या तीन किंवा चार रुंद, खोल, न अडखळणाऱ्या खाचा आहेत का ते बघा. आडव्या बारीक चिरा खोलवर गेलेल्या हव्यात. नुसत्या वरच्या वर कोरलेल्या असतील तर टायर अर्धा झिजला की त्या नाहीशा होतात. जीपसारखे मोठे ठोकळे असलेला ऑल-टेरेन टायर दिसायला रुबाबदार असतो, पण ओल्या डांबरावर त्याचा जमिनीशी संपर्क कमी, आवाज जास्त आणि मायलेजचा बट्ट्याबोळ. वाळपईच्या आतल्या वाडीत रोज कच्च्या रस्त्याने जाणं असेल तरच त्याचा विचार, आणि तोही हायब्रिडवर दोनदा.

खाचा पाण्यासाठी, पण गोव्यात पाणी नसलेलाही ओला रस्ता असतो. पहिल्या पावसात सात-आठ महिन्यांचं तेल आणि धूळ वर येते. डिचोली-साखळीकडे ट्रकांतून सांडलेल्या खनिजाच्या मातीचा लाल गिलावा होतो. ऑगस्टमध्ये झाडांच्या सावलीतल्या गावच्या रस्त्यांना कडेला शेवाळ धरतं. इथे खाचा काही करू शकत नाहीत, रबराचं मिश्रण करतं. ज्या मिश्रणात सिलिका भरपूर असते ते ओल्यात चांगलं धरतं, शिवाय फिरताना कमी ऊर्जा खातं. मिशेलॅंने १९९२ मध्ये सिलिकाचा ‘ग्रीन टायर’ आणला, तोवर पकड आणि मायलेज यांत एक सोडावं लागायचं. आजही तिसरा कोन उरतोच, तो म्हणजे आयुष्य. पकड, मायलेज आणि ‘लाखभर किलोमीटर चालेल’ अशी तिन्ही वचनं एकाच टायरबद्दल कुणी देत असेल तर त्यातलं एक खोटं आहे.

कागदावर पकड कुठे दिसते? आयात टायरवर युरोपीय लेबल असेल तर त्यात पावसाच्या चिन्हापुढे ए ते ई असं अक्षर असतं. ताशी ८० किमीवरून ब्रेक मारल्यावर एका श्रेणीमागे थांबण्याच्या अंतरात साधारण ३ ते ६ मीटरचा फरक पडतो. ए किंवा बी घ्या. भारतात ऊर्जा बचतीचे तारे टायरवरही दिसू लागले आहेत, पण ते तारे टायर किती सहज लोळतो याचे आहेत, ओल्यात किती धरतो याचे नव्हेत. पाच तारे बघून पावसाचा प्रश्न सुटला असं मानू नये. काही टायरवर ट्रॅक्शनचा (ओल्यातल्या पकडीचा) शिक्का असतो: एए सर्वांत वरचा, मग ए, बी, सी. एए किंवा ए असावा, आणि उष्णता सोसण्याची टेम्परेचरची श्रेणी ए. शेजारचा ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यावरून दोन कंपन्यांची तुलना होत नाही.

मायलेजचा खरा हिशेब

हायरायडरचा कागदावरचा आकडा लिटरला २७.९७ किमी. प्रत्यक्ष चालवताना २२ मिळतात असं धरू. वर्षाला १२ हजार किमी म्हणजे ५४५ लिटर पेट्रोल. चांगली पकड देणाऱ्या टायरमुळे मायलेज ३ टक्के घसरलं, तर वर्षाला जवळपास १७ लिटर जास्त. लिटरला ९६ रुपये धरले तर १६२० रुपये, चार वर्षांत साडेसहा हजारांच्या आत. बंपर आणि हेडलाइट एकदा बदलायचा खर्च कितीतरी मोठा आहे. हा हिशेब मांडल्यावर पकडीशी तडजोड करून मायलेज वाचवण्यात अर्थ उरत नाही. तेवढीच पकड देणाऱ्या दोन टायरांत मात्र कमी रोलिंग रेझिस्टन्सवाला, म्हणजे जास्त सहज लोळणारा, जरूर घ्या.

नवे टायर घातल्यावर मायलेज पडलं म्हणून भांडायला जाण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्या. जाड नवं रबर जास्त वाकतं, म्हणून जास्त ऊर्जा खातं. झिजलेला टायर नेहमीच हलका लोळतो. आणि २ मिमी उरलेल्या टायरपेक्षा ८ मिमीच्या टायरचा व्यास १२ मिमीने मोठा असतो. त्यामुळे तितकंच अंतर जाऊनही मीटर पावणेदोन टक्के कमी किलोमीटर दाखवतो. पडलेल्या मायलेजचा काही भाग नुसता आकड्यांचा खेळ असतो. दोन-तीन हजार किमीनंतरच मत बनवा.

आवाजाबद्दल थोडक्यात. इंजिन बंद असताना हायब्रिडमध्ये टायरचा आवाज उघडा पडतो, म्हणून आत-बाहेर वेगळी नक्षी असलेला असिमेट्रिक टायर बरा. आत फोम चिकटवलेला टायर शांत असतो, पण पंक्चर काढताना फोम कापावा लागतो, आणि ते काम गावच्या पंक्चरवाल्याकडे होत नाही.

बाजारातली नावं

ब्रिजस्टोनची इकोपिया मालिका मायलेजकडे झुकलेली, मिशेलॅंची प्रायमसी ४ एसटी शांतपणा आणि आरामाकडे. कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ आणि गुडइयरचा अॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २ ओल्या पकडीच्या नावाने विकले जातात. योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी, अपोलोचा अॅप्टेरा क्रॉस, सिएटचा सिक्युराड्राइव्ह हेही विचारून बघावेत. उसगावला एमआरएफचा कारखाना १९७० च्या दशकापासून आहे, पण ‘इथेच बनतो म्हणून ताजा मिळेल’ असं समजू नका. प्रत्येक माप प्रत्येक कारखान्यात बनत नाही. छाप वाचा.

एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या मापांत वेगळा वागतो. इतकंच नव्हे, तर गाडीबरोबर कंपनीतून आलेला आणि दुकानातला त्याच नावाचा टायरही आतून वेगळा असू शकतो, कारण गाडी कंपनी मायलेजच्या चाचणीसाठी तो हलका करून घेते. ‘तोच घातला तरी फरक वाटतो’ ही तक्रार त्यामुळे खरी असते.

साठा नसेल तर माप बाहेरून मागवावं लागतं. म्हणून शोधाशोध एप्रिलमध्ये सुरू करा आणि मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टायर बसवून घ्या. पाऊस लागल्यावर गेलात तर रॅकवर असेल ते पदरात पडतं. आणि जुन्या कोटेशनवर सौदा करू नका: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

काउंटरवर

टायर बसवण्याआधी प्रत्येकाचा छाप स्वतः वाचा. बाजूवरच्या ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या मालिकेतले शेवटचे चार अंक: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. हे अंक टायरच्या एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला अर्धवट छाप दिसतो. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षभराचा चालेल, त्याहून जुना असेल तर दुसरा मागा. चारही एकाच सुमाराचे असावेत. आयएसआयची खूण हवीच. बिलावर चारही अनुक्रमांक लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी अडचण येते. खड्ड्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरतात का, हे आत्ताच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

चार घ्यायचे की दोन? मागच्या जोडीत ५ मिमी उरले असतील तर दोन पुरतात. पण नवी जोडी मागे घाला, आणि मागची पुढे आणा. ‘पुढची चाकं गाडी ओढतात, नवे पुढेच’ हा सल्ला गोव्यातल्या बऱ्याच दुकानांत मिळेल. तो ऐकू नका. ओल्यात पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरते. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते, आणि चोर्ल्याच्या वळणावर ते सावरायला जागा नसते. एकाच धुरीवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर तर नकोतच.

बसवताना समोर उभे राहा

गाडी बंद आहे याची खात्री करा. हायब्रिड रेडी अवस्थेत गप्प उभी असते आणि इंजिन मधेच आपोआप सुरू होऊ शकतं. रेडीचा दिवा विझवा आणि चावी गाडीपासून लांब ठेवा. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेखालीच लागला पाहिजे. तळाशी केशरी रंगाच्या केबल जातात, त्यांच्याजवळ जॅकचं तोंड जाता कामा नये. ही गोष्ट कामगाराला तोंडाने सांगा.

प्रेशर सेन्सर आत असतील तर ते व्हॉल्व्हच्या मुळाशी असतात. टायर सोडवायच्या यंत्राचा फाळ तिथे दाबला की सेन्सर तुटतो, म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करायला सांगा. सेन्सरवाल्या व्हॉल्व्हचं रबर-सील बदला. साधे रबरी व्हॉल्व्ह असतील तर ते पूर्ण नवे घाला. काही गाड्यांत सेन्सर नसतात, चाकाच्या फिरण्यावरून हवा कमी झाल्याचं ओळखलं जातं. तिथे टायर बदलल्यावर मेनूतून रीसेट करावं लागतं.

पुढची पायरी बहुतेक दुकानं गाळतात. कळंगुट, बाणावली, वास्को अशा किनाऱ्याजवळच्या गाड्यांच्या अलॉय रिमला टायर जिथे बसतो त्या कडेला पांढरी बुरशीसारखी गंज-पूड धरते. ती न घासता टायर बसवला तर दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा जाते, आणि पंक्चर काही सापडत नाही. कड तारेच्या नव्हे तर मऊ घासणीने साफ करा, टायरच्या कडेला लावायची बीड पेस्ट लावा. चाक जिथे बसतं त्या हबच्या तोंडावरचा गंज मात्र तारेच्या ब्रशने काढला तरी चालतो. तो राहिला तर चाक वाकडं बसतं आणि बॅलन्सिंग करूनही थरथर राहते.

असिमेट्रिक टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर, एकाच दिशेने फिरणाऱ्या, बाणवाल्या टायरवर बाण पुढच्या दिशेने. चारही चाकांचं बॅलन्सिंग करा. ८० ते १०० किमीला स्टिअरिंग थरथरलं तर ते पुन्हा करायला लावा.

नट आधी हाताने, मग चांदणीसारखे आलटून पालटून, आणि शेवटचा पिळा टॉर्क रेंचने. या गाड्यांना साधारण १०० ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करून सोडलेले नट स्टड ताणतात, आणि मग रस्त्यात स्टेपनी बदलताना पान्यावर उभं राहूनही सुटत नाहीत. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा.

अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि आधी-नंतरच्या आकड्यांचा छापील कागद घ्या. गाडीत लेन सांभाळणारी यंत्रणा असेल आणि अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग सरळ असूनही ती दिवा दाखवत असेल, तर सर्व्हिस सेंटरला स्टिअरिंग अँगल सेन्सर तपासायला सांगा.

त्यानंतर

पहिले दोन-तीनशे किमी हळू. नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पावसात तर अंतर राखाच. हवा महिन्यातून दोनदा, सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या पट्टीप्रमाणे. चालवून आल्यावर आकडा चार-पाच पीएसआय जास्त दिसतो, तो बघून हवा सोडू नका. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. दर ८ हजार किमीला रोटेशन: पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. बाणवाले असतील तर त्याच बाजूला पुढे-मागे.

पंक्चर खाचांच्या भागात असेल तर टायर उतरवून आतून मश्रूम पॅच लावा. बाहेरून खुपसलेली दोरी फोंड्यापर्यंत पोचायला ठीक आहे, कायमची नाही. खांद्यावर किंवा बाजूला भोक असेल तर टायर टाकायचा. ‘पंक्चरच होणार नाही’ म्हणून आत ओततात ते जेल सेन्सरला चिकटतं आणि बॅलन्स बिघडवतं.

स्टेपनीचं वयही त्याच दिवशी वाचा. ती पातळ, तात्पुरती असेल तर तिच्यावर लिहिलेली मर्यादा, बहुधा ताशी ८० किमी, पाळावी लागते, आणि तिच्यात हवा नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त लागते. तो आकडा तिच्यावरच छापलेला असतो.

उतरवलेले टायर दुकानातच ठेवून या. झोपाळ्यासाठी किंवा कुळागरात झाडाभोवती घालायला म्हणून घरी आणले, तर जूनमध्ये त्यात पाणी साचतं आणि जुलैत डेंग्यूचे डास होतात.